गाठीतून आलेली

तिचं कूळ ऐकलं की कोणीही दचकेल. बावीस वर्षांच्या एका तरुणाला वृषणाचा कर्करोग झाला, तो फुफ्फुसात पसरला आणि तिथल्या गाठीतून हिचा वंश सुरू झाला. ही एक पेशी, प्रयोगशाळेतलं तिचं नाव एनटी-टू. थांबणं तिला ठाऊकच नव्हतं. ऊब आणि अन्न मिळालं की एकीच्या दोन, दोनाच्या चार, बशीतली जागा संपेपर्यंत हेच.

तिला थांबवलं ते रेटिनोइक आम्लानं. हे आम्ल 'अ' जीवनसत्त्वापासून बनतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, व्हर्जिनिया ली यांच्या प्रयोगशाळेत १९९२च्या सुमारास ही रीत पक्की बसली. काही आठवडे त्या आम्लात राहिल्यावर ती दुभंगायचं सोडते, अंगातून लांब तंतू काढते आणि मज्जापेशी होते. एकदा झाली की झाली, मागे फिरत नाही. एवढ्या उच्छृंखल जिवाला असं कायमचं स्थिरावताना पाहून मला तिच्याबद्दल आदरच वाटतो.

१९९८ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात न्यूरोसर्जन डग्लस कॉन्झिओल्का यांनी तिला माणसाच्या मेंदूत पाठवलं. रुग्ण एकूण बारा. त्यांना पक्षाघात होऊन सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचा काळ लोटला होता आणि हातापायांत येईल तेवढी ताकद येऊन थांबली होती. डोक्याला चौकट बसवायची, कवटीला छोटं भोक पाडायचं, आणि लांब सुईनं मेंदूच्या खोल भागातल्या पक्षाघातानं मेलेल्या जागेच्या कडेला या पेशी सोडायच्या. कोणाला वीस लाख, कोणाला साठ लाख. शरीरानं परक्या म्हणून त्यांना हाकलू नये यासाठी सायक्लोस्पोरिन हे औषध.

साठ लाख हा आकडा मोठा वाटतो. पण मोठी रक्तवाहिनी तुंबून झालेल्या पक्षाघातात उपचाराविना दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. त्या मापानं साठ लाख म्हणजे जेमतेम तीन मिनिटांची भरपाई. अॅम्ब्युलन्सला फोन करावा की शेजारच्या काकांना विचारावं, या घोळातच घरोघरी याहून जास्त वेळ जातो. तेव्हा मेलेल्यांच्या जागी उभं राहून त्यांचं सगळं काम उचलणं तिच्याकडून होण्यासारखं नव्हतंच. तिनं आजूबाजूच्या अर्धमेल्या पेशींना वाढीची द्रव्यं पुरवावीत, त्यांना हुशारी आणावी, अशीही एक आशा होती, आणि मला ती जास्त खरी वाटते.

पहिल्या प्रयोगात ती निरुपद्रवी ठरली, काही रुग्णांत सुधारणाही दिसली. दुसऱ्या प्रयोगात अठरा जण होते. चौदांना पेशी दिल्या, चौघांना नाही. २००५ मध्ये निकाल छापून आला: हातापायांच्या हालचालीच्या मुख्य मोजणीत ठाम फरक दिसला नाही. ज्यांनी तिच्या भरवशावर कवटीला भोक पाडून घेतलं, त्यांच्यासाठी हा निकाल जड होता, आणि तो जसाच्या तसा सांगितला पाहिजे. सुधारणेच्या तुरळक बातम्या दाखवून आज जे दवाखाने 'स्टेम सेल'च्या नावाखाली लाखो रुपये उकळतात, त्यांचा मला संताप येतो तो म्हणूनच.

तरी तिला नापास म्हणून मोकळं व्हायला मी तयार नाही. पहिल्या प्रयोगातले एक गृहस्थ सत्तावीस महिन्यांनी हृदयविकारानं गेले. शवविच्छेदनात सुईच्या त्या जागी मज्जापेशी जिवंत सापडल्या. त्यातल्या तिच्या कोणत्या, हे ओळखायला तिचं जुनं कूळच उपयोगी पडलं. गाठीतून आल्यामुळे तिच्यात गुणसूत्रं नेहमीपेक्षा जास्त असतात, आणि तशाच पेशींचे पुंजके तिथे होते. दोन वर्षांहून अधिक काळ ती परक्या मेंदूत टिकली होती, आणि गाठ कुठेही झालेली नव्हती.