मरजानचा रंग

अब्बांनी तीस वर्षे जहाजावर खलाशी म्हणून काढली, पण समुद्र पाहिला तो वरूनच. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर मरजानचा, म्हणजे प्रवाळाचा, उल्लेख येतो. ती सूरह त्यांना तोंडपाठ. आता गुडघ्यांमुळे घाटकोपरच्या घराचे दोन जिनेही उतरवत नाहीत. "बेटा, मरजान जिवंत असताना कसा दिसतो?" असे ते अधूनमधून विचारत. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत मालवणला निघाले तेव्हा भावाचा जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा आणि त्याची पाण्याखाली वापरायची पारदर्शक डबी सोबत घेतली.

या डबीच्या झाकणाला रबराची रिंग असते. तिच्यात एखादा केस अडकला तरी पाणी आत शिरते. घरीच रिकाम्या डबीत टिश्यू पेपर घालून ती रात्रभर बादलीत बुडवून ठेवली. कागद कोरडा निघाला, मगच कॅमेरा आत गेला. अम्मींना काळजी कपड्यांची! पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा डायव्हिंग सूट मिळतो. बहिणींनी आधी फोन करून विचारून ठेवावे.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली. पहिल्या डुबकीला कॅमेरा वरच ठेवला. तोंडाने श्वास घेणे आणि कानांवरचा दाब सांभाळणे, नवख्याला एवढेच पुष्कळ असते. दुसऱ्या वेळी प्रशिक्षकाने तो माझ्या मनगटाला बांधून दिला. पाण्यात झूम लावायचा नाही, आपणच जवळ जायचे. मधले पाणी जितके जास्त तितका फोटो धूसर. फ्लॅशही बंद, नाहीतर गाळाचे कण चमकून फोटोत बर्फ पडल्यासारखे दिसते. मात्र जवळ जाणे म्हणजे हात लावणे नव्हे. प्रवाळ हा दगड नाही, ती इवल्या जिवांची वसाहत आहे, आणि मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तरी आमच्यातल्या एका पाहुण्याने फोटोसाठी प्रवाळाला धरलेच. मला ते पाहवले नाही.

घरी आल्यावर अब्बांनी तपकिरी, हिरवट गोळ्यांचे फोटो चष्मा पुसून पुसून पाहिले.

"हा मरजान? लाल कुठे आहे?"

त्यांना सांगितले, दागिन्यातले लाल पोवळे म्हणून जे प्रसिद्ध आहे ते भूमध्य समुद्रातले. मालवणचे प्रवाळ निराळे. शिवाय पाणी सर्वांत आधी लाल रंगच गिळते. शिक्षिकेची खोड, मी मुद्दाम मनगटात लाल रबरबँड घालून गेले होते. होडीतल्या फोटोत तो लालभडक, खालच्या फोटोत काळपट. दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. कॅमेऱ्यात पाण्याखालची सेटिंग असते, तिने थोडा लाल परत येतो, पण तो कॅमेऱ्याचा अंदाज.

अब्बा बराच वेळ गप्प होते.

"म्हणजे तो लाल असता, तरी मला तिथे दिसला नसता?"

"नसता, अब्बा. जवळून टॉर्च मारला असता तर दिसला असता."

"मग पुढच्या वेळी टॉर्च घेऊन जा."