एकदाच घेतलेले शंभर रुपये

पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटने एका दुकानदाराचे शंभर रुपये मोबाइलवर भरले. खातं उघडून पाहिलं तर शिल्लक जुनीच. नोंद झाली नसावी असं वाटून त्याने पुन्हा भरले. रात्री रोकड शंभराने कमी निघाली. “साहेब, मी एकदाच घेतले होते,” एवढंच तो म्हणत राहिला. तो खरं बोलत होता. चूक माझी होती.

त्याच आठवड्यात मी या खात्यांच्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या पुढे प्रॉक्सीएसक्यूएल बसवलं होतं. सिलेक्टने सुरू होणारी क्वेरी रेप्लिकेकडे, बाकी सगळं मास्टरकडे. ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ला आठवणीने वेगळं काढलं होतं, कारण ती वाचता वाचता ओळींना कुलूप लावते. मास्टरवरचा भार उतरला आणि मी निर्धास्त झालो.

पण मायएसक्यूएलचं नेहमीचं रेप्लिकेशन असिंक्रोनस. मास्टर बदल बायनरी लॉगमध्ये लिहून ‘झालं’ म्हणतो, रेप्लिकेसाठी थांबत नाही. ती तो लॉग स्वतःच्या रिले लॉगमध्ये उतरवून घेते, मग बदल लागू करते. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या संध्याकाळी व्याज आकारणीचा मोठा अपडेट चालला होता. मास्टरवर तो पूर्ण झाल्यावरच रेप्लिकेच्या हाती आला आणि तिने तो पहिल्यापासून करायला घेतला. त्याच्या मागे रांगेत एजंटचे शंभर रुपये.

लॅग वाढली की रेप्लिका वगळायची, हा उपाय मी आधी केला. तो अपुरा पडला. लॅगचा आकडा सेकंदांत येतो, तोही थोड्या थोड्या वेळाने तपासलेला. बोट त्याहून लवकर पुढच्या पानावर जातं. क्वेरी वाचणारी की लिहिणारी, एवढ्यावर वाट ठरवणंच चुकीचं होतं. विचारणाऱ्याने आत्ताच काही लिहिलंय का, हे आधी बघायला हवं होतं.

मायएसक्यूएल ५.६ पासून प्रत्येक ट्रान्झॅक्शनला जीटीआयडी नावाचा स्वतःचा क्रमांक देता येतो. आता नोंद झाली की आम्ही तो क्रमांक सेशनमध्ये ठेवतो. रेप्लिका तिथवर पोचली असेल तर ती उत्तर देते, नाहीतर क्वेरी मास्टरकडे जाते.

दुसऱ्या दिवशी जास्तीची नोंद उलटवून एजंटचा हिशेब जुळवला. शाखेचा मासिक अहवाल आजही मुकाट रेप्लिकेवरच जातो. अर्ध्या मिनिटाच्या उशिराने त्याचं काही अडत नाही.