पंधरा बाय सतरा

मे महिना. भंडाऱ्यात ऊन मी म्हणतंय. स्पर्धेचा हंगाम लांब आहे, म्हणूनच रोबोटच्या सांगाड्यावर निवांत वाद घालता येतो. फर्स्ट टेक चॅलेंज या आमच्या रोबोट स्पर्धेचा नियम असा की सामन्याच्या सुरुवातीला रोबोट 18 इंचांच्या घनात, म्हणजे साधारण 457 मिलिमीटरमध्ये बसला पाहिजे. संघातल्या पोरांचं म्हणणं, मिळतंय ते सगळं घ्यायचं. मला नाही पटत. पुढची-मागची चाकं जितकी लांब आणि डावी-उजवी जितकी जवळ, तितकी वळताना ती आडवी घासतात. मोटर तापते, बॅटरी उतरते. सहा चाकं घेऊन मधली जोडी दोन-तीन मिलिमीटर खाली बसवली की वळण सुटतं. गाडी थोडी डुलेल, डुलू दे.

आज पुठ्ठा कापला: लांबी 15 इंच, रुंदी 17. पुढे वस्तू आत ओढणाऱ्या रोलरला जागा उरली. एकाने आसांना पितळी बुश सुचवले. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव, दुसरं काय सुचणार! पितळ जड खरं, पण वजन तळाशी असलेलं बरंच. उंच हात बसवायचाच ठरला, तर मात्र लांबी वाढवावी लागेल. नाहीतर एकदम थांबताना गाडी तोंडावर आपटेल.