भिंतीशी उभी केलेली मुलगी

निदान होत नाही अशा आजारात सगळ्यात आधी जाते ती आजारी माणसाच्या शब्दाची किंमत. त्यातून तो माणूस चौदा वर्षांचा असला, तर त्याला विचारतंय कोण? माझी लेक सांगायची : डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं, डोकं जड होतं, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. पहिल्या दिवसापासून तिचं सांगणं एकच होतं. ऐकणारे तेवढे बदलत गेले.

आम्ही सांगलीचे, त्यामुळे आधी मिरज, मग कोल्हापूर, मग पुणे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, ईसीजी, टू-डी एको, मेंदूचा एमआरआय. फाईल फुगत गेली आणि कुठल्याच कागदात दोष निघेना. लोक म्हणायचे, देवाची कृपा, काही निघालं नाही. पोटच्या पोरीच्या रिपोर्टात काहीतरी निघू दे म्हणून देवापुढे हात जोडायची वेळ ज्या आईवर आली असेल, तिलाच माझी तेव्हाची अवस्था कळेल.

कुणी म्हणालं, पुढच्या वर्षीच्या दहावीचं टेन्शन. कुणी मोबाईल काढून घ्यायला सांगितलं. एका डॉक्टरांनी तिच्यादेखत मला विचारलं, ‘शाळेत काही प्रॉब्लेम आहे का?’ सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. त्यांचा मला कधीच राग आला नाही. पोरीला खरंच काहीतरी होतंय, एवढं तरी त्यांनी मानलं होतं.

घरात आम्हाला जे दिसत होतं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. ती दात घासायला प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची. थोडा वेळ उभी राहिली की तिची पावलं जांभळट पडायची. बोटानं दाबलं की पांढरा ठसा उमटायचा आणि हळूहळू विरायचा. आडवी झाली की पावलांचा रंग परत जागेवर. आंघोळ करून आली की ओले केस तसेच ठेवून पलंगावर पडून राहायची, कारण केस पुसायला हात वर धरवत नसत.

पुण्यातल्या एका वयस्कर डॉक्टरांनी फाईल नीट वाचली, मिटली आणि माझ्याकडे न बघता तिलाच विचारलं, ‘बाळ, आडवं झाल्यावर बरं वाटतं का गं?’ मग तिला दहा मिनिटं झोपवलं. नाडी 72. नंतर भिंतीशी नुसतं उभं केलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. दर थोड्या वेळानं नाडी आणि बीपी. 98. 110. दहाव्या मिनिटाला 124. बीपी जवळपास होतं तिथेच. तिचे ओठ पांढरे पडले होते, तरी ती त्या आकड्यांकडे टक लावून बघत होती.

तोवरच्या साऱ्या तपासण्या तिला झोपवून नाहीतर बसवून झाल्या होत्या. त्यातली एकही खोटी नव्हती. झोपलेली माझी लेक खरोखरच ठणठणीत होती.

डॉक्टरांनी समजावलं. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. रक्तवाहिन्या आवळून ते वर राखायचं काम आपल्या नकळत चालणारी मज्जासंस्था करते. तिथे गडबड झाली की हृदय जास्त ठोके मारून भरपाई करू बघतं. आजाराचं नाव पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, थोडक्यात पॉट्स. मोठ्यांमध्ये उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी 30नं वाढली तर तो मानतात. किशोरवयात 40नं वाढावी लागते, बीपी फारसं उतरलेलं नसावं आणि त्रास किमान तीन महिन्यांचा असावा. आधी रक्तक्षय, थायरॉईड वगैरे बाजूला काढावे लागतात, म्हणजे ती फाईल वाया गेली नव्हती. पण या तपासणीला लागलं काय? एक पलंग, एक भिंत, बीपीचं यंत्र आणि सवड असलेला माणूस. ती इतक्या उशिरा व्हावी याची चीड मला अजून येते.

हे नाव 1993 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी रूढ केलं. त्याच्या कितीतरी आधी, 1871 मध्ये, दा कोस्टा नावाच्या डॉक्टरनं तिथल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, दम आणि थकवा लिहून ठेवला होता. त्या सैनिकांना काय झालं होतं यावर अजून वाद आहे. मला ते वाचताना एवढंच वाटलं, की यानं त्यांना कामचुकार न ठरवता त्यांचं म्हणणं लिहून तरी घेतलं.

घरी येताना गाडीत लेकीनं विचारलं, ‘आई, म्हणजे मी नाटक करत नव्हते ना?’ इतरांची शंका तिच्या स्वतःच्या मनात कधी शिरली, मला कळलंच नव्हतं.

आजार गेलेला नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिच्या पोटात मीठ आणि पाणी जास्त जातं. सासऱ्यांच्या बीपीमुळे आमचा स्वयंपाक अळणी, म्हणून तिची आमटी वेगळ्या वाटीत, ताकही खारट. पायांत घट्ट मोजे, जमिनीवर पडून करायचे व्यायाम. बऱ्या दिवशी ती शाळा करून येते आणि संध्याकाळी मैत्रिणीशी भांडतेसुद्धा. वाईट दिवशी जिना चढवत नाही.

शाळेला पत्र दिलं : प्रार्थनेला बसू द्यावं, पाण्याची बाटली बाकावर असावी, वर्ग तळमजल्यावर मिळावा. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं मान्य केलं आणि विचारलं, ‘किती दिवस?’ बरीच मुलं वयाबरोबर सुधारतात, काहींना वर्षं लागतात, असं मी सांगू लागले. लेक मध्येच म्हणाली, ‘मी सांगेन तोपर्यंत, बाई.’ बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पत्रावर शेरा लिहिला : विद्यार्थिनी सांगेल तोपर्यंत. खाली सही केली, शिक्का मारला.