ताल, शेत आणि आरशातला चेहरा

जबलपूर म्हटले की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांसमोर भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचे तुषार उभे राहतात. तेवढे पाहून, शंखजिऱ्याच्या दगडाची एखादी मूर्ती घेऊन मंडळी परततात. हाच दगड दळला की तोंडाला लावायच्या पावडरीचा मूळ माल तयार होतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. शहराच्या उत्तर अंगाला, कटनीच्या वाटेवर असलेल्या अधारतालकडे तर सहसा कुणी फिरकतही नाही.

जबलपूर हे तालांचे शहर. बावन्न ताल होते असे इथले लोक अभिमानाने सांगतात. गोंडवनाच्या राणी दुर्गावतीने राणीताल बांधला, तिच्या दासीने चेरीताल आणि दिवाण आधारसिंहाने अधारताल, अशी आख्यायिका आहे. राणी 1564 मध्ये मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांकडे गेला. मराठी कुटुंबे मात्र इथे राहिली. त्यांच्या घरात आजही मराठी बोलली जाते, अधूनमधून हिंदीची फोडणी देऊन. बावन्नपैकी कित्येक ताल बुजले आणि त्यांच्यावर वस्त्या उभ्या राहिल्या. अधारतालने नाव टिकवले आहे आणि पाणीही.

या भागाची खरी ओळख म्हणजे 1964 मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे जेएस 335 सोयाबीन पेरले, त्यांचे या विश्वविद्यालयाशी जुने नाते आहे. ते वाण याच संस्थेच्या संशोधकांनी दिले.

कुरियरने आलेले खोके

अशा या अधारतालच्या वसाहतींतही आता घरोघर कुरियरची खोकी येतात. कुठल्याशा खोक्यातून हातात मावेल असे गुळगुळीत यंत्र निघते. सोबत जेलची ट्यूब आणि हसऱ्या तरुणीचे चित्र. मोबाइलवर जाहिरात पाहून ते मागवलेले असते. दहा मिनिटे चेहऱ्यावर फिरवा, सैल त्वचा घट्ट होईल. पोटावर, दंडांवर फिरवा, तिथलीही होईल.

मग घरात ठरलेला संवाद होतो.

"अगं, या वयात हे कशाला?" सासूबाई विचारतात.

"आई, या वयातच तर लागतं!" सूनबाईंचे उत्तर तयार असते.

सूनबाईंचे चुकते असे नाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईला आरशात आपला चेहरा थकलेला दिसला, तर तिला वाईट वाटणारच. त्यात हसण्यासारखे काही नाही. पण काही हजारांपासून पार अर्ध्या लाखापर्यंत किंमत असलेले हे यंत्र नेमके काय करते, हे जाणून घेण्याचा तिला हक्क आहे.

यंत्र काय करते?

त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. खाटेला जशी नवार, तसे ते त्वचेला ताणून धरतात. वयाबरोबर ते विरळ होतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत स्त्रीच्या त्वचेतले सुमारे तीस टक्के कोलॅजन कमी होते. ही नवार पुन्हा ताणण्याचे वचन यंत्र देते.

रेडिओलहरींचे, म्हणजे आरएफ यंत्र त्वचेला आतून ऊब देते. त्या उबेने शरीर नवे कोलॅजन तयार करू लागते. डॉक्टरांकडच्या मोठ्या यंत्रांमागचे तत्त्व हेच आहे. पण घरगुती यंत्राची ताकद सुरक्षिततेसाठी मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे परिणामही बेताचाच असतो. त्वचेच्या पृष्ठभागावर ते साधारण चाळीस अंशांपर्यंत जाते. एवढे तापमान जबलपूरचा मे महिना फुकट देतो, अशी थट्टा कुणी केली तर हसावे, पण उन्हात बसू नये!

मायक्रोकरंट यंत्र अगदी सौम्य वीजप्रवाह सोडते. चेहरा काही काळ उचललेला वाटतो, पण वापर थांबला की परिणामही ओसरतो. लाल प्रकाशाचा मुखवटा त्यामानाने सौम्य. बारीक सुरकुत्यांवर त्याचा थोडा उपयोग दिसला आहे, पण आठवड्यांमागून आठवडे नेमाने लावला तरच. बाळंतपणानंतर किंवा वजन उतरल्यावर लोंबणारी पोटाची त्वचा मात्र यातल्या कुठल्याच घरगुती यंत्राने पूर्वीसारखी होत नाही.

आणखी एक गंमत आहे. यंत्र फिरवल्यावर उबेने त्वचेला किंचित सूज येते. सुजेने सुरकुती भरते आणि आरशात फरक दिसतो. काही तासांत सूज उतरते. जाहिरातीतली 'आधी' आणि 'नंतर'ची छायाचित्रे पाहताना हे लक्षात ठेवावे.

शेतातली युक्ती

मग यंत्र उपयोगी पडले की नाही, हे ओळखायचे कसे? इथे अधारतालचे शेतच मदतीला येते.

नवे खत किंवा नवे वाण तपासताना शास्त्रज्ञ सगळे शेत एकदम त्याच्या हवाली करत नाहीत. ते वाफे पाडतात. एका वाफ्याला नवे खत देतात, शेजारचा तसाच ठेवतात. माती तीच, पाऊस तोच. मग दोन्हीकडचे पीक तोलतात. शेजारचा वाफा नसता, तर चांगल्या पावसाचे श्रेय खताने लाटले असते!

चेहऱ्याचेही तसेच आहे. जबलपूरची मेमधली हवा कोरडी ठणठणीत. त्वचा ओढलेली, सुरकुत्या उठून दिसणाऱ्या. जुलैत पाऊस स्थिरावला की हवेत ओल येते आणि त्वचा आपोआप टवटवीत दिसू लागते. मेमध्ये यंत्र घेणारीला जुलैत वाटते, यंत्राने जादू केली.

म्हणून यंत्र घेतलेच, तर पहिले तीन महिने ते एकाच गालावर फिरवावे. सुरुवातीला आणि दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, न हसता छायाचित्र काढावे. शेवटी कुठला गाल यंत्राचा हे न सांगता विचारावे, "आई, कुठली बाजू बरी दिसते?" सासूबाईंना उत्तर सुचले नाही, तर उत्तर मिळालेच! मात्र दुकानदार माल परत घेण्याची मुदत बहुधा थोड्या दिवसांची देतात आणि परिणाम कळायला आठ ते बारा आठवडे लागतात. खरेदीपूर्वी हा हिशेब करावा.

इथे सावध राहा

हृदयात पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आरएफ किंवा वीजप्रवाहाचे यंत्र वापरू नये. शरीरात धातूची पट्टी असेल किंवा अपस्माराचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. पापण्यांवर, गळ्याच्या पुढच्या भागावर, मुरुम चिघळलेल्या जागी यंत्र फिरवू नये. जेल वाचवायला जाऊ नये आणि यंत्र एका जागी थांबवू नये. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर लहानसा चटकाही महिनोन्‌महिने काळा डाग ठेवून जातो. भाजलेच तर तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. तूप किंवा टूथपेस्ट लावू नये.

'हायफू' या नावाने मिळणाऱ्या ध्वनिलहरींच्या यंत्रांपासून आणि सुया असलेल्या आरएफ यंत्रांपासून घरी दूरच राहावे. हायफू अननुभवी हातांत गेल्याने डोळ्यांना इजा झाल्याची उदाहरणे आहेत. सुयांच्या आरएफमुळे भाजणे, व्रण पडणे, नसांना इजा होणे असे प्रकार घडल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2025 मध्ये इशारा दिला आणि हा घरी करण्याचा उपचार नाही, असे बजावले.

सावलीचे मोल

कर्कवृत्त जबलपूरच्या थोडेसेच उत्तरेकडून जाते. जूनमधल्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. कोलॅजनची नवार उसवण्यात वयाच्या खालोखाल या उन्हाचा हात असतो. काचेतून आत येणारे ऊनही त्यातून सुटत नाही. म्हणून छत्री, रुंद काठाची टोपी, पदर किंवा ओढणी आणि निदान तीस एसपीएफचे सनस्क्रीन ही चौकडी यंत्राच्या आधी घरात यावी. तंबाखू आणि सिगारेट मात्र घराबाहेर जावी.

अधारताल पाहायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. मुंबईहून जबलपूरला थेट गाड्या आहेत. नागपूरहून सिवनीमार्गे सडक आहे, तर गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे ब्रॉडगेज गाडी. विश्वविद्यालयाची शेते पाहायची असतील तर आधी परवानगी काढावी.

सकाळच्या कोवळ्या उन्हात शेजारी शेजारी असलेले दोन वाफे पाहावेत, एक खत दिलेला, एक न दिलेला. घरी आलेल्या खोक्याचे काय करायचे, ते तिथे उभे राहिल्यावर आपोआप सुचेल. जाताना छत्री मात्र विसरू नये.