मांडीवर मावणारी गोधडी

आमच्या हिंगोली जिल्ह्यात जुन्या कपड्यांची गोधडी अजूनही घरी शिवतात. जमिनीवर जुनी साडी अंथरायची, तिच्यावर सुती कपडे पसरायचे, वर दुसरी साडी घालायची आणि कडेपासून धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. कित्येक दिवस वाकून बसावे लागते. अम्मीने आपल्या प्रत्येक नातीला रुखसतीच्या वेळी अशी गोधडी दिली. धाकटीची पाळी आली तेव्हा गुडघे साथ देईनात. नमाजही ती आता खुर्चीवर बसून पढते. “घुटने नै मुडते मां, अब कायकी गोधडी?” म्हणत तिने चिंध्यांचे गाठोडे आमच्याकडे सरकवले. त्यानंतर ती गप्प गप्पच राहू लागली.

मग आम्ही गोधडीच तुकड्यांत करायची ठरवली. 13 इंचांचे 24 चौकोन. प्रत्येक चौकोन म्हणजे एक छोटी गोधडीच: खाली अस्तर, मध्ये जुने सुती कापड, वर रंगीत ठिगळे. मधला थर चारही बाजूंनी अर्धा इंच कमी कापायचा, म्हणजे जोड जाड होत नाही. धावदोरा जोडण्याआधीच घालून होतो. असा चौकोन मांडीवर मावतो. असरच्या नमाजनंतर, उजेड असेपर्यंत, अम्मी खुर्चीवर बसून टाके घालू लागली. वसमतच्या बहिणीने आणि कळमनुरीच्या भाभीने आपापल्या घरी काही चौकोन केले.

जोडायची रीत सोपी आहे. दोन चौकोनांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेपासून अर्ध्या इंचावर शिवण घालायची. मग उलट्या बाजूने शिवण उघडून चपटी करायची. अडीच इंचांच्या पट्टीच्या दोन्ही कडा अर्धा-अर्धा इंच दुमडून ती शिवणीवर ठेवायची आणि तुरपाई करायची. टाका फक्त अस्तरात घ्यावा. आधी चार-चार चौकोनांच्या सहा ओळी, मग ओळीला ओळ. 18 आखूड जोड आणि 5 लांब. चार फूट बाय सहा फुटांची गोधडी तयार होते. शेवटी कडेने गोट.

शेजारणीला ही नवी फॅशन वाटली. पण कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायका, ज्यांत मुस्लिमही आहेत, कवंदी शिवताना ठिगळ जोडणे आणि टाके घालणे एकदमच करतात.

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतःचे कपडे शिवत, चपला दुरुस्त करत, असे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितले आहे. म्हणून सुईत दोरा ओवायचे काम आम्ही घरातल्या मुलांकडे दिले. अम्मीच्या डोळ्यांना तेवढाच आराम.

वसमतचे टाके लांब होते, कळमनुरीचे बारीक. अम्मीने कोणाचाही टाका उसवला नाही. जोड मात्र एकेक ओढून पाहिला आणि सैल निघालेले दोन पुन्हा शिवायला लावले. शेवटची लांब पट्टी तिने कोणालाच लावू दिली नाही. गोधडीचा भार आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरला आणि ती खुर्चीवर बसून तुरपाई करत राहिली.