निवडले जाण्याची तयारी

१ ऑगस्ट २०२३ची सकाळ. साडेनऊ वाजले होते. अमरावतीत आमच्या दुकानाचे शटर नुकतेच वर गेले होते आणि मी आदल्या दिवसाचा रोजमेळ समोर घेऊन बसले होते. त्याच घटकेला न्यू जर्सीत मध्यरात्रीचे बारा वाजत होते आणि माझा भाचा हातात फोन धरून जागा होता.

त्याच्या जागरणाचे कारण थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे नियमन एनसीएए ही संस्था करते. तिच्या पहिल्या श्रेणीतील महाविद्यालयांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना शाळेतील खेळाडूशी आपल्या संघातील प्रवेशाविषयी थेट बोलण्याची मुभा मिळते ती त्याची अकरावी सुरू होण्यापूर्वीच्या १ ऑगस्टपासून. ज्या मुलांवर प्रशिक्षकांची आधीपासून नजर असते, त्यांचे फोन त्या रात्री बाराच्या ठोक्याला वाजू लागतात. भाच्याचा फोन वाजला नाही. तासाभराने धाकट्या भावाचा निरोप आला, ‘‘ताई, कोणाचाच फोन नाही. आत्ता कुठे झोपला.’’

तो निरोप माझ्या खांद्यावरून आमच्या चिरंजिवांनीही वाचला. तोही अकरावीत, तोही बेसबॉल खेळणारा, तोही पिचर. त्याने विचारले, ‘‘आई, मला येईल का गं असा फोन?’’ मी हसले. त्या हसण्याची किंमत पुढे कळली.

अमरावतीत बेसबॉल कोठून आला, असे आपल्या वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण आमचे गाव खेळाच्या बाबतीत पहिल्यापासून थोडे वेगळे. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली येथे हनुमान आखाडा उभा केला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. अशा गावात मुलाने मैदानावर जाऊ नये म्हटले, तरी मैदानच घरापर्यंत येते. शालेय स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत. आमचा मुलगा सातवीत सॉफ्टबॉल खेळू लागला आणि नववीत बेसबॉलकडे वळला. घरात कोणी मनावर घेतले नाही. बारावी झाली की दुकानात बसेल, हे गृहीतच होते.

माझे माहेर अकोल्याचे, कापसाच्या व्यापाराचे. लहानपणी बाबांबरोबर बाजारात गेले की ते गाडीतल्या कापसात हात खोल घालून एक पुंजका बाहेर काढत, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढत, धाग्याची लांबी पाहत आणि ओलावा बोटांनीच जोखत. मग एक आकडा बोलत. शेतकरी त्या वेळी बाबांच्या बोटांकडे पाहत नसे, चेहऱ्याकडे पाहत असे. आपण व्यापारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या पारख करणारी. आपल्याच लेकराचा नमुना दुसऱ्याच्या चिमटीत जातो तेव्हा काय होते, हे मला ठाऊक नव्हते.

भाच्याच्या तयारीची मी तपशिलाने चौकशी करू लागले. मुळात हेतू माहेरच्या काळजीचा होता. हळूहळू त्यात आमच्या मुलाचा हिशेब मिसळला. साठ यार्ड, म्हणजे जवळजवळ ५५ मीटर धावण्याची वेळ घेतात. ती सात सेकंदांच्या आत असेल तर मान डोलावतात. चेंडूचा वेग यंत्राने मोजतात. मुलाने स्वतःची छोटी चित्रफीत तयार करायची, प्रशिक्षकांना स्वतः पत्र लिहायचे, उन्हाळ्यात त्यांच्यासमोर खेळून दाखवण्याच्या शिबिरांना जायचे. या शिबिरांची फी ऐकून भावजय म्हणाली होती, ‘‘ताई, येथे माल विकण्याआधी बाजारात उभे राहण्याचेच भाडे भरावे लागते.’’ पैसे घेऊन मुलांची नावे प्रशिक्षकांपर्यंत पोहोचवणारे मध्यस्थही आहेत. भावाने एकाला पैसे दिले. उपयोग झाला तो मुलाने स्वतः लिहिलेल्या साध्या पत्रांचाच.

शिष्यवृत्तीविषयी मात्र आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे. मुलगा निवडला गेला की सारे शिक्षण फुकट, असे मलाही वाटत होते. प्रत्यक्षात त्या वेळी पहिल्या श्रेणीतील एका संघाला देता येणाऱ्या बेसबॉल शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती ११.७, आणि संघात मुले तीसहून अधिक. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला रुपयातले चार-आठ आणेच. (२०२५पासून तेथील व्यवस्था पालटली, तो नवा करार पत्करणाऱ्या महाविद्यालयांत शिष्यवृत्त्यांच्या संख्येऐवजी संघाच्या संख्येवर ३४ची मर्यादा आली.) तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये खेळासाठी एक पैसाही देत नाहीत, तेथे मदत मिळते ती अभ्यासावर आणि घरच्या परिस्थितीवर. शिवाय पहिल्या श्रेणीत खेळायचे तर शाळेतील ठरावीक १६ विषयांचा अभ्यासक्रम पुरा हवा, त्यांपैकी १० शेवटच्या वर्षाच्या आधी, आणि त्यांत सरासरी किमान २.३ गुणांक. परदेशी मुलांकडून तर नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका मागतात. आमच्या मुलाची नववीची गुणपत्रिका शोधायला मला दोन दिवस लागले. ती जुन्या पावतीपुस्तकांच्या पेटीत सापडली. गणितात ५१. चेंडू कितीही वेगाने फेकला तरी ते ५१ तेथेच राहणार होते.

रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या दोन उत्तर प्रदेशातील भालाफेकपटूंची गोष्ट मुलाला तोंडपाठ होती. २००८ सालच्या एका स्पर्धेतून ते निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने त्यांना करारबद्ध केले. पण तो व्यावसायिक करार होता. एकदा तशी सही केली की महाविद्यालयीन बेसबॉलचे दार बंद होते. हे समजावताना मी दोन दुकानांचे उदाहरण दिले आणि मुलगा कंटाळला.

याच सुमारास घरात चेंडूचा प्रश्न निघाला. सामन्याचा बेसबॉल चामड्याचा असतो, हे सासूबाईंना कोणीतरी सांगितले. आत बूच आणि रबर, त्यावर लोकरीचे धागे गुंडाळलेले आणि वर गाईचे कातडे. अमेरिकेतील मोठ्या संघांत १९७४पूर्वी ते घोड्याचे असे. सासूबाई चौविहार काटेकोर पाळणाऱ्या. आमच्याकडे चामड्याचे पाकीटही दाराआत येत नाही. त्यांनी नातवाला समोर बसवून विचारले, ‘‘हा कशाचा?’’ मुलाने खोटे सांगितले नाही. म्हणाला, ‘‘आजी, ग्लोव्ह मी रेक्झिनचा घेतो, सरावाचा चेंडूही कृत्रिम आवरणाचा आणतो. पण सामन्यातला चेंडू माझ्या हातात नसतो.’’ त्या बराच वेळ गप्प होत्या. मग चेंडू हातात न घेताच त्यावरचे तांबडे टाके किती, असे त्यांनी विचारले. ते १०८ दुहेरी टाके असतात, जपमाळेच्या मण्यांइतके. त्यांना हसू आले नाही. मला आले आणि मी ते पदराआड लपवले. शेवटी सामन्याची पिशवी जिन्याखाली राहू लागली, घरात आली नाही. प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. सासूबाईंनी त्याच्या सामन्याचा निकाल विचारणे कधी सोडले नाही, एवढेच सांगते.

जेवणाची अडचण त्यामानाने सोपी. डिसेंबरात अमरावतीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सराव साडेसहाला संपतो. त्याने सरावाची वेळ पहाटेची करून घेतली. उसळी, शेंगदाणे, दूध, पनीर यांवर मुलाचे अंग चांगले भरते, हे मी स्वानुभवाने लिहिते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती लिहायला मी टाळाटाळ करीत होते.

त्या वर्षी सप्टेंबरात मुलाच्या संघाने जिल्हा स्पर्धा जिंकली. ऑक्टोबरात विभागीय सामने अकोल्याला होते. मधे दहा-बारा दिवस मोकळे होते. भाच्याने चित्रफीत पाठवून तीन प्रशिक्षकांची उत्तरे मिळवली होती. ते ऐकून मला चेव आला. आपल्या मुलाचीही एक चित्रफीत करून ठेवावी, पाठवायची की नाही ते पुढे पाहू. अकोला-अमरावती महामार्गावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम झाला होता. माहेरी जाता-येता त्या रस्त्याचे कौतुक ऐकून मनाने घेतले होते की ठरवले तर काहीही चार-पाच दिवसांत होते.

चार दिवस आम्ही ओळीने मैदानावर गेलो. फोन माझ्या हातात. कधी ऊन डोळ्यांवर येई, कधी मागून गुरे जात, कधी चेंडू नीट पडला तरी माझाच हात हले. ‘‘अजून एकदा,’’ असे मी किती वेळा म्हणाले ते मोजले नाही. नंतर चित्रफितींवरून मोजले, तेव्हा एका दिवशी १२०च्या वर आकडा गेला. त्याच्या शाळेतील सरांनी तिसऱ्या दिवशी ‘‘ताई, आता हात थांबवा’’ असे सांगितले होते. मला वाटले, सर उगाच जपतात. चौथ्या दिवशी रात्री मुलाला पाण्याचा तांब्या उचलता येईना.

डॉक्टरांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवले. वाढत्या वयातील हाडाच्या टोकावर ताण आला होता. तीन महिने फेक बंद. आठ दिवसांवर विभागीय सामने होते. संघाची गाडी गेली तेव्हा आम्ही चौकापर्यंत पोहोचवायला गेलो. सगळ्यांनी हात हलवले. याने डावा हात हलवला.

क्षमावाणी होऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. मी त्या दिवशी सर्वांना हात जोडले होते, रिवाजाप्रमाणे. मुलाची क्षमा मागायला मात्र मला शब्द सापडेनात. शेवटी दुकानातच, गिऱ्हाईक नसताना मागितली. तो म्हणाला, ‘‘मीही थांबलो नाही ना.’’ ते ऐकून मला जास्तच वाईट वाटले.

त्यानंतर मी वाचू लागले, जे आधी वाचायला हवे होते. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या संस्थांनी मिळून वयानुसार फेकींची मर्यादा ठरवून दिली आहे. १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात फार तर ९५ फेकी कराव्यात. आणि ७६ किंवा अधिक झाल्या तर चार दिवस पूर्ण विश्रांती. माझ्या मुलाला मी चार दिवसांत एकही दिवस दिला नव्हता. उधारीच्या प्रत्येक रुपयाची तारीख लिहिणारी मी, मुलाच्या हाताचा हिशेब कोठेच लिहिला नव्हता.

त्या तीन महिन्यांत आणखी एक प्रसंग घडला. ओळखीतील एका गृहस्थांनी सुचवले की मुलाचा खेळ बुडाला तर बुडू द्या, एखाद्या फारशा न खेळल्या जाणाऱ्या खेळाचे राज्यस्तरीय प्रमाणपत्र ‘करून घेता’ येईल. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पुढे उपयोगी पडेल. आकडाही त्यांनी सांगितला. यांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावले. मुलगा तेथेच वजनकाट्यापाशी उभा होता. पुढे काही बोलणे झाले नाही. पण त्या आठवड्यात तो आपणहून गणिताच्या शिकवणीला जाऊ लागला.

भाच्याचे सांगते. पहिल्या श्रेणीतून त्याला अखेरपर्यंत फोन आला नाही. तिसऱ्या श्रेणीतील एका महाविद्यालयाने त्याला घेतले. खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण गुणांवर बरीच सवलत मिळाली. २०२५च्या शरदात तो तेथे दाखल झाला. पहिले काही आठवडे तो बाकावर बसूनच होता, असे भाऊ सांगतो. वसतिगृहात कांदा-बटाट्यावाचून काय मिळते, याची चौकशी सासूबाई माझ्यामार्फत करीत असतात.

आमच्या मुलाची चित्रफीत आम्ही कोणालाही पाठवली नाही. आता तो अमरावतीतच वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे, दुपारी दुकानात असतो आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या संघनिवडीची तयारी करतो. कोपर बरे आहे. सरांच्या सल्ल्याने तो आता बहुधा पहिल्या बेसवर खेळतो. पिचिंग थोडेच करतो. निवड होईल की नाही, सांगता येत नाही. मी विचारतही नाही.

दिवाळीत वह्यापूजनाच्या वेळी त्याने माझ्याकडून एक छोटी लाल वही मागून घेतली. मला वाटले, हाताशी लागणारा किरकोळ खर्च लिहील. परवा ती गल्ल्याजवळ उघडी पडली होती. वर तारीख, खाली त्याच्या अक्षरात दोनच ओळी : ‘आज फेकी ४२. उद्या सुट्टी.’